सॉफ्टवेअरमधून विज्ञानाच्या डेटाकडे : वाट बदलू पाहणाऱ्या अभियंत्यासाठी

काही वर्षे वेब ॲप्लिकेशन, मग एखाद्या पेमेंट प्रणालीची देखभाल, पुढे क्लाउडवरच्या सेवा, मध्येच चाचणी विभागात काढलेला काळ, अशी कारकीर्द असलेला अभियंता विज्ञानाशी संबंधित डेटाच्या कामाकडे वळू पाहतो, तेव्हा त्याला पहिली शंका येते ती आपल्या विस्कळीत अनुभवाची. हवामानशास्त्राची किंवा जनुकशास्त्राची पदवी नाही, मशीन लर्निंगचा सलग अनुभव नाही, मग आपल्याला तिथे कोण विचारणार? ही शंका अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही, परंतु आणखी चार ऑनलाइन प्रमाणपत्रे गोळा करून ती फिटत नाही, कारण खरी अडचण वेगळ्या जागी असते. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रामने कोणते उत्तर द्यावे हे कोणीतरी आधीच ठरवलेले असते आणि ते तसे आले की काम झाले. संशोधनात बरोबर उत्तर आधी कोणालाच ठाऊक नसते, आणि प्रोग्राममधून बाहेर पडणारा आकडा हा निसर्गाविषयी केलेला दावा असतो. तो आकडा बरोबर आहे हे कशावरून, असे कोणी विचारले तर सांगता आले पाहिजे. वाट बदलताना जे काही शिकायचे, निवडायचे आणि सोडून द्यायचे, ते याच एका प्रश्नाच्या रोखाने ठरवावे.

कोणते काम हवे ते आधी ठरवावे

‘विज्ञानातील डेटाचे काम’ या एका नावाखाली निदान चार वेगवेगळी कामे मोडतात. संशोधकांच्या बरोबरीने बसून त्यांचा कोड लिहिणारा, सुधारणारा आणि टिकवणारा अभियंता हा पहिला प्रकार. त्याला ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर’ म्हणण्याची पद्धत २०१२ पासून ब्रिटनमध्ये रूढ होत गेली, काम मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. उपकरणांतून येणाऱ्या डेटाच्या प्रवाहाची व्यवस्था पाहणारा डेटा इंजिनिअर हा दुसरा. चिलीमधील व्हेरा रुबिन वेधशाळेची रचनाच अशी आहे की तिने एका रात्रीत सुमारे २० टेराबाइट डेटा गोळा करावा आणि आकाशात जिथे काही बदलले असेल तिथल्या लक्षावधी सूचना लगोलग पाठवाव्यात. अशा ठिकाणी संदेशांच्या रांगा, साठवण, विलंब आणि फसलेल्या कामाचे पुनर्प्रयत्न हे सगळे विषय अभियंत्याच्या रोजच्या ओळखीचे असतात.

तिसरे काम डेटाची निगा राखण्याचे. नोंदी एका नमुन्यात आणणे, त्यांना वर्णन जोडणे, चुका दुरुस्त करून त्या दुरुस्तीचा माग ठेवणे, हे काम फारसे कोणाला आकर्षक वाटत नाही, आणि माझ्या मते हा त्या कामावर अन्याय आहे. प्रोटीन डेटा बँक हा प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांचा संग्रह १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झाला. त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे नोंदी नेटाने जमा केल्या, तपासल्या आणि सर्वांना खुल्या ठेवल्या गेल्या, म्हणूनच प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या आल्फाफोल्ड या संगणकीय प्रारूपाला शिकण्यासाठी साहित्य मिळाले, आणि त्या कामाला २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. चौथे काम प्रत्यक्ष विश्लेषणाचे, म्हणजे लोक ज्याला डेटा सायन्स म्हणतात ते. त्यात विषयज्ञान सर्वांत जास्त लागते, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला पहिली नोकरी इथे मिळणे सर्वांत अवघड जाते. पहिल्या तीनपैकी एखाद्या दाराने आत जाऊन दोन-तीन वर्षांत चौथ्याकडे सरकणे हा मार्ग मला अधिक खात्रीचा वाटतो.

नोकरीच्या जाहिरातींत पदांची नावे इतकी बेभरवशाची असतात की त्यांच्यावरून काहीच ठरवू नये. मजकुरात कोणत्या क्रिया वारंवार येतात ते पाहावे. ‘उभारणे, चालवणे, जपणे’ असे असेल तर ते पहिल्या तीनपैकी एक काम, आणि ‘अनुमान काढणे, प्रारूप बसवणे, निबंध लिहिणे’ असे असेल तर चौथे.

आधीच्या कामाची नव्याने नोंद

बहुतेक अभियंते आपला अनुभव तंत्रज्ञानाच्या नावांनी मांडतात. या बदलासाठी ती मांडणी निरुपयोगी ठरते, कारण संशोधन गटाच्या प्रमुखाला जावाच्या आवृत्तीशी काही देणेघेणे नसते. त्याऐवजी प्रत्येक जुन्या कामासमोर असे लिहून काढावे की त्या कामात कोणत्या नोंदीची किंवा कोणत्या आकड्याची जबाबदारी माझ्यावर होती, तो चुकतो आहे हे मला कसे कळे, आणि कळल्यावर मी मूळ कारणापर्यंत कसा पोहोचलो. पेमेंट प्रणालीत दोन बाजूंच्या हिशेबांचा रोज मेळ घालणाऱ्याने खरे तर डेटाच्या उगमाचा माग ठेवण्याचेच काम केलेले असते. सर्व्हरच्या देखरेखीत काढलेल्या वर्षांत त्याने हळूहळू सरकत जाणारा आलेख आणि एकाएकी तुटणारा आलेख यांतला फरक ओळखायला शिकलेले असते, आणि समुद्रात तरंगणाऱ्या तापमापकाचे माप वर्षभरात हळूहळू ढळत जाते तेव्हा हाच फरक उपयोगी पडतो. जुन्या डेटाबेसमधून नव्यात लाखो नोंदी हलवताना एकही नोंद न गमावणारा अभियंता कोणत्याही संग्रहालयाला किंवा अभिलेखागाराला हवाच असतो.

चाचणीचा अनुभव तर विशेष मोलाचा, मात्र त्याला एक वळण द्यावे लागते. अपेक्षित उत्तर माहीत नसताना चाचणी कशी घ्यायची, यावर विज्ञानाने फार सुंदर उपाय शोधलेले आहेत. कृष्णविवराची पहिली प्रतिमा एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, परंतु तिच्यासाठीची निरीक्षणे एप्रिल २०१७ मधली होती. मधल्या काळात इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या गटाने प्रतिमा तयार करण्याचे काम चार स्वतंत्र चमूंकडे सोपवले, त्यांना एकमेकांशी बोलण्यास मनाई केली आणि चौघांना स्वतंत्रपणे प्रकाशाचे तेच वर्तुळाकार कडे दिसते का ते पाहिले. गुरुत्वीय लहरींचा शोध घेणाऱ्या लायगोने तर २०१० मध्ये आपल्याच डेटात गुपचूप एक बनावट संकेत मिसळला. विश्लेषण करणाऱ्यांनी तो शोधला, त्यावर निबंधही लिहून तयार केला, आणि मगच पाकीट उघडून तो खोटा असल्याचे त्यांना सांगण्यात आले. कृत्रिम डेटात ठाऊक असलेले उत्तर पेरून आपली पद्धत ते परत मिळवते का हे पाहणे, ही चाचणी अभियंत्याला एका संध्याकाळीही लिहिता येते, आणि संशोधन गटांच्या कोडमध्ये ती नसल्याचे मी इतक्यांदा पाहिले आहे की नव्या माणसाने पहिली भेट म्हणून तीच द्यावी असे मी सुचवतो.

जुना अनुभव जिथे आड येतो ती जागाही ओळखून ठेवावी. व्यावसायिक प्रणालीत अपेक्षित मर्यादेबाहेरची नोंद दारातच नाकारणे हे चांगल्या कोडचे लक्षण मानतात. विज्ञानात तीच सवय घातक ठरू शकते. दक्षिण ध्रुवावरील ओझोनचा ऱ्हास १९८५ मध्ये ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या संशोधकांनी जमिनीवरच्या उपकरणाच्या आधारे जाहीर केला. नासाच्या उपग्रहानेही ती घट टिपलेली होती, परंतु १८० डॉबसन एककांपेक्षा (हे ओझोन मोजण्याचे एकक) कमी मूल्ये संशयास्पद म्हणून चिन्हांकित करण्याचा नियम प्रक्रियेत होता, आणि त्यामुळे ती मूल्ये तपासणीच्या फेऱ्यात राहिली. नियमाने त्या नोंदींवर फक्त खूण केली होती, त्या फेकून दिल्या नव्हत्या, म्हणूनच नंतर त्यांतून ओझोनच्या विवराचा पूर्ण विस्तार दाखवता आला. यातून घ्यायची पद्धत सरळ आहे : शंका आली तर खुणेचा वेगळा स्तंभ जोडावा आणि मूळ आकड्याला हात लावू नये.

क्षेत्र निवडताना

क्षेत्र निवडताना विषयाच्या मोठेपणापेक्षा डेटाच्या स्वरूपाकडे पाहावे, असे माझे मत आहे. हवामान आणि समुद्रविज्ञानात डेटा काळ आणि अवकाश यांच्या जाळीवर मांडलेला असतो. जनुकशास्त्रात तो लांबलचक अक्षरमालांचा आणि त्यांवरील खुणांचा असतो. सूक्ष्मदर्शकाच्या आणि दुर्बिणीच्या डेटात प्रतिमा आणि गोंगाट यांचा झगडा असतो, तर साथरोगशास्त्रात तक्ते असतात आणि त्या तक्त्यांमागे माणसे असतात, म्हणून परवानग्या आणि गोपनीयता यांत बराच वेळ जातो. ज्या प्रकारचा डेटा तासन्तास पाहत बसायला कंटाळा येत नाही तो आपला. दुसरी कसोटी एवढीच की त्या क्षेत्रातला खरा डेटा घरबसल्या, कोणाची परवानगी न घेता उतरवून घेता आला पाहिजे. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा २००८ पासून विनामूल्य आहेत, जनुकीय अनुक्रम जेनबँक या खुल्या संग्रहात आहेत, हवामानाचे पुनर्विश्लेषण, म्हणजे भूतकाळातल्या हवामानाची पुनर्रचना, खुले आहे, त्यामुळे या क्षेत्रांत तरी सुरुवात कोणालाही करता येते.

एकच डेटासंच, एकच प्रश्न

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक लोक तोच टाळतात. स्पर्धांसाठी आधीच स्वच्छ करून ठेवलेल्या दहा डेटासंचांवर दहा प्रारूपे चालवण्यापेक्षा एकच खरा डेटासंच घ्यावा, त्यावर एकच साधा प्रश्न ठरवावा आणि त्या उत्तराची हमी देता येईपर्यंत त्याला सोडू नये. उदाहरण म्हणून युरोपीय हवामान अंदाज केंद्राचा ‘ईआरए५’ हा डेटासंच घेऊ आणि ‘एखाद्या प्रदेशात एका विशिष्ट दिवशी सरासरी किती पाऊस पडला’ एवढाच प्रश्न विचारू. १९४० पासून आजपर्यंतच्या प्रत्येक तासासाठी, अक्षांश-रेखांशांच्या पाव अंशाच्या जाळीवर, तो उपलब्ध आहे. म्हणजे एका तासाला ७२१ गुणिले १४४०, दहा लाखांहून अधिक आकडे. पायथॉनमधील एक्सअरे लायब्ररीने फाइल उघडायला एक ओळ पुरते.

त्यानंतर मात्र पावलोपावली प्रश्न उभे राहतात. पावसाचे आकडे ०.०००३ असे काहीतरी दिसतात, कारण एकक मिलिमीटर नसून मीटर आहे. रेखांश ० ते ३६० असे मोजलेले असतात, म्हणून पश्चिम गोलार्धातला प्रदेश उणे आकड्यांनी शोधला तर सापडत नाही. अक्षांश ९० पासून उणे ९० पर्यंत उतरत्या क्रमाने असतात, त्यामुळे अक्षांश १० ते २० असा तुकडा मागितला तर एक्सअरे कसलीही तक्रार न करता रिकामा तुकडा हाती देते, आणि २० ते १० असे उलटे मागितले की बरोबर देते. अपवाद फेकला जात नाही, लॉगमध्ये इशारा येत नाही, आणि सरासरी काढली तर ‘आकडा नाही’ एवढेच कळते. सर्व्हरच्या जगात वाढलेल्या अभियंत्याला ही शांतता फार खटकते, आणि ती खटकायलाच हवी.

पुढे ‘दिवस’ म्हणजे काय हा प्रश्न येतो. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आणि प्रत्येक तासासमोरचा आकडा त्या क्षणी संपलेल्या तासातला पाऊस सांगतो. म्हणून एका दिवसाचा पाऊस पहाटे १ च्या नोंदीपासून दुसऱ्या दिवशीच्या ० वाजताच्या नोंदीपर्यंत बेरीज करून मिळतो. याच कुटुंबातल्या ‘ईआरए५-लँड’ या भावंडात त्याच नावाचे चल वेगळ्या रीतीने भरलेले असते : तिथे पाऊस दिवसाच्या आरंभापासून साचत जातो, आणि ० वाजताच्या नोंदीत आधीच्या संपूर्ण दिवसाची बेरीज असते. दोन्हींवर बेरजेचा हाच कोड चालवला तर एक उत्तर बरोबर येते आणि दुसरे कित्येक पटींनी फुगते.

इतके सांभाळूनही प्रदेशाची सरासरी चुकतेच, कारण जाळीतले चौकोन सारख्या क्षेत्रफळाचे नसतात. विषुववृत्तावरच्या चौकोनाच्या तुलनेत ६० अंश अक्षांशावरच्या चौकोनाचे क्षेत्रफळ निम्मे असते, म्हणून प्रत्येक आकड्याला अक्षांशाच्या कोसाइनचे वजन देऊन मगच सरासरी काढावी लागते. लहान प्रदेशात हा फरक नगण्य राहतो, पृथ्वीच्या सरासरीत तो उत्तर बिघडवतो.

आणि शेवटी सर्वांत खोल प्रश्न : हा पाऊस कोणी मोजला? कोणीच नाही. ईआरए५ हे पुनर्विश्लेषण आहे, आणि पुनर्विश्लेषण म्हणजे निरीक्षणे आणि हवामानाचे गणिती प्रारूप यांचा मेळ घालून केलेली पुनर्रचना असते, आणि त्यातला पाऊस मुख्यतः प्रारूपाच्या अल्पकालीन अंदाजातून येतो. म्हणून त्याच प्रदेशातल्या पर्जन्यमापकांच्या किंवा उपग्रहाच्या नोंदींशी तुलना केल्याशिवाय आपले उत्तर कितपत विश्वासार्ह आहे हे सांगता येत नाही. ही तुलना करून, फरक कुठे आणि का पडतो हे दोन पानांत लिहून काढले, की त्या दोन पानांचे वजन मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त भरते.

दुसऱ्या क्षेत्रात खाचखळगे वेगळे असतील, पण ते असतील हे नक्की. जनुकशास्त्रात जीनोममधली स्थाने नोंदवणाऱ्या बेड नमुन्याच्या फाइलमध्ये मोजणी शून्यापासून होते आणि जनुकीय फरक नोंदवणाऱ्या व्हीसीएफ नमुन्यात एकापासून, त्यामुळे दोन्ही एकत्र आणताना सगळे स्थानांक एकाने घसरतात. जीनोमच्या ३७ आणि ३८ या संदर्भ-आवृत्त्यांतले स्थानांकही परस्परांशी जुळत नाहीत. हवामानाच्या काही प्रारूपांत वर्ष ३६० दिवसांचे असते आणि त्यांत ३० फेब्रुवारी ही तारीख येते, जी पायथॉनचे नेहमीचे तारखेचे साधन स्वीकारतच नाही. अशा खाचांची वही ठेवावी. पुढे तीच आपल्या चाचण्यांची यादी होते.

संख्याशास्त्र किती हवे

संपूर्ण संख्याशास्त्र शिकून मग कामाला लागू, असे ठरवणारा कधीच कामाला लागत नाही. तरीही काही गोष्टींशिवाय चालणार नाही. एक म्हणजे अनिश्चितता : प्रत्येक आकड्यासोबत त्याची चूक किती असू शकते हे सांगण्याची सवय. बूटस्ट्रॅप, म्हणजे उपलब्ध नमुन्यातूनच पुन्हापुन्हा नमुने काढून उत्तर किती हलते ते पाहणे, ही पद्धत प्रोग्रामरला पटकन उमगते, कारण ती सूत्रापेक्षा लूपच्या रूपात समजते. तिथून सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट अनेक चाचण्यांच्या सापळ्याची. माणसात प्रथिने तयार करणारी सुमारे २०,००० जनुके आहेत. कोणत्याही जनुकाचा एखाद्या आजाराशी काडीचाही संबंध नसला, तरी प्रत्येकासाठी ०.०५ या मर्यादेने चाचणी घेतल्यास साधारण १,००० जनुके संबंधित असल्यासारखी दिसतील. बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली दुरुस्ती यासाठीच वापरतात. ती एका ओळीत लावता येते, पण ती का लावली हे शब्दांत सांगता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट गळतीची, म्हणजे चाचणीची माहिती प्रशिक्षणात झिरपण्याची, आणि इथे अभियंत्याला सरस ठरण्याची संधी असते. एकाच रुग्णाच्या पाच प्रतिमांपैकी तीन प्रशिक्षणात आणि दोन चाचणीत गेल्या, तर प्रारूप आजाराऐवजी रुग्णालाच ओळखायला शिकते आणि अचूकता खोटी वाढते. शेजारच्या हवामान केंद्रांच्या, किंवा लागोपाठच्या दिवसांच्या नोंदींचेही तेच. विभागणी नेहमी रुग्ण, ठिकाण किंवा काळ यांच्या सीमेवर करावी. डेटा कुठून कुठे वाहतो याचा माग काढण्याची ज्याला सवय आहे, त्याला अशी गळती संख्याशास्त्रज्ञाच्याही आधी दिसू शकते.

एक शोधनिबंध पुन्हा घडवून पाहावा

डेटासंच हाताखालून गेल्यावर एखाद्या प्रसिद्ध निबंधातली एक आकृती मूळ डेटापासून स्वतः तयार करून पाहावी. सरावासाठी लायगोचा पहिला संकेत उत्तम आहे : १४ सप्टेंबर २०१५ चा तो डेटा खुला असून त्याच्यासोबत पायथॉनमधील मार्गदर्शक नोटबुकही दिलेले आहे. गोंगाटाची वारंवारतेनुसार पातळी काढणे, त्याप्रमाणे डेटा सपाट करणे, हवा तेवढा पट्टा गाळून घेणे, एवढ्या पायऱ्यांनंतर सेकंदाच्या काही अंशांत चढत जाणारी ती लहर डोळ्यांसमोर येते. हा सराव झाला की कमी प्रसिद्ध आणि नोटबुक न दिलेला निबंध घ्यावा, कारण खरे शिक्षण तिथे होते. आकृती हुबेहूब जुळणार नाही. कोणती आवृत्ती वापरली, कोणत्या नोंदी वगळल्या, बेरजेचा क्रम बदलल्याने दशांश स्थळांत किती फरक पडतो, हे शोधताना लेखकांना नम्रपणे, नेमका प्रश्न विचारणारे पत्र लिहावे. बहुतेक संशोधक आपला निबंध कोणी इतक्या बारकाईने वाचला याने सुखावतात. काही वेळा अशा पत्रव्यवहारातून कामही मिळते, मात्र त्या आशेने पत्र लिहू नये, ते ओळींमधून दिसते.

याच काळात त्या क्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या एखाद्या मुक्त स्रोत लायब्ररीत हात घालावा. मोठी सुविधा जोडण्याच्या फंदात न पडता दस्तऐवजातली संदिग्ध ओळ, चुकीच्या एककावर येणारा गोंधळलेला त्रुटिसंदेश, न तपासलेली कडेची स्थिती अशा दुरुस्त्या कराव्यात. एक्सअरे, ॲस्ट्रोपाय यांसारख्या प्रकल्पांत संशोधक आणि अभियंते एकत्रच काम करतात, आणि पुल रिक्वेस्टवरची चर्चा वाचूनही ते काय जपतात आणि कशावर भांडतात हे कळते. मॅटप्लॉटलिब ही आलेखांची लायब्ररी जॉन हंटर यांनी मेंदूच्या विद्युत् लहरींचे काम करता करता घडवली, आणि आयपायथॉन या पायथॉन चालवण्याच्या संवादी साधनाची सुरुवात २००१ मध्ये फर्नांडो पेरेझ यांनी भौतिकशास्त्राचे विद्यार्थी असताना केली. या जगात साधने करणारा आणि वापरणारा यांच्यात फारशी भिंत नाही.

नोकरी मागताना

अर्जात सर्वांत वर डेटासंचाचे ते दोन पानी टिपण आणि पुन्हा घडवलेली आकृती यांचे दुवे द्यावेत, आणि जुन्या नोकऱ्या त्यांच्या खाली, मघाशी सांगितलेल्या नव्या मांडणीने. ‘इतक्या मायक्रोसर्व्हिस चालवल्या’ हे वाक्य ‘रोज येणाऱ्या नोंदींपैकी एकही निसटल्यास तासाभरात कळेल अशी व्यवस्था उभारली’ असे लिहिले की संशोधकाला त्याचा अर्थ लागतो. कोड झेनोडोसारख्या संग्रहात ठेवून त्याला कायमचा उद्धरण-क्रमांक घ्यावा, आणि साधन खरोखर इतरांच्या उपयोगाचे असेल तर ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’कडे पाठवावे. तिथले परीक्षण सर्वांसमोर, रिपॉझिटरीतल्या चर्चेच्या रूपात चालते, त्यामुळे अभियंत्याला ते परके वाटत नाही.

पीएच.डी. लागते का? स्वतःचा संशोधन गट चालवायचा असेल तर बहुतेक ठिकाणी लागतेच. अभियांत्रिकीच्या पदांसाठी ‘पदवी किंवा समतुल्य अनुभव’ असे लिहिलेले असते, आणि तिथे ते शब्द जसेच्या तसे खरे मानून अर्ज करावा. पगाराबाबत भ्रम ठेवू नये : अनुदानावर चालणाऱ्या संस्थांत तो खासगी सॉफ्टवेअर कंपन्यांपेक्षा सहसा कमी असतो आणि नेमणूक दोन-तीन वर्षांच्या मुदतीची असते. औषधनिर्मिती, ऊर्जा किंवा उपग्रह क्षेत्रातल्या कंपन्यांत हा फरक कमी होतो, मात्र तिथे प्रश्न निवडण्याचे आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्यही कमी असते. मुलाखतीत आपणही विचारावे की अनुदान कधी संपते, कोड कोणाच्या मालकीचा राहील, आणि निबंधावर अभियंत्याचे नाव कोणत्या निकषाने येते. या शेवटच्या प्रश्नावर समोरची माणसे अडखळली, तर त्या गटात अभियंत्याला कारकुनासारखे वागवले जाण्याची शक्यता धरून चालावे.

पहिले काही महिने

गटात गेल्याबरोबर त्यांचा जुना फोरट्रान कोड आधुनिक भाषेत लिहून काढण्याची हुक्की येते. ती आवरावी. तो कोड वीस वर्षांच्या तुलनांवर तावून-सुलाखून निघालेला असतो, आणि त्यातल्या विचित्र दिसणाऱ्या ओळीमागे एखाद्या उपकरणाचा दोष दडलेला असू शकतो. आधी त्याच्या सध्याच्या उत्तरांची नोंद घेणारी चाचणी लिहावी, मग प्रश्न विचारावेत, आणि कोडला हात सर्वांत शेवटी लावावा. एक्सेलच्या फायलींनाही हसू नये. एक्सेल ‘सेप्ट१’, ‘मार्च१’ अशा जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकत असे, आणि हा उपद्रव इतका वाढला की मानवी जनुकांचे नामकरण करणाऱ्या समितीने त्यांची नावेच बदलून ‘सेप्टिन१’, ‘मार्चएफ१’ अशी केल्याचे २०२० मध्ये गाजले. म्हणजे एवढे होऊनही शास्त्रज्ञांनी एक्सेल सोडले नाही. त्यांना ते सोडायला लावण्यापेक्षा त्यातून येणारा डेटा आत घेताना तपासणारी छोटी पायरी लिहून देणे जास्त फलदायी ठरते.

काय बांधायचे हे ठरवण्यासाठी जिम ग्रे या संगणकशास्त्रज्ञाची रीत मला आजही सर्वांत चांगली वाटते. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाशाच्या सर्वेक्षणाच्या डेटाबेसवर काम करताना त्यांनी खगोलशास्त्रज्ञांना तुम्हाला कोणती प्रणाली हवी असे न विचारता, या डेटाला विचारावेसे वाटणारे वीस सर्वांत महत्त्वाचे प्रश्न सांगा, असे विचारले, आणि रचना त्या वीस प्रश्नांना उत्तर देता येईल अशी केली. पाच प्रश्नांत गरजा पुरत्या कळत नाहीत आणि शंभरांत महत्त्वाचे कोणते ते हरवते. ही यादी पहिल्या महिन्यात तयार करून भिंतीवर लावावी, आणि दर तीन महिन्यांनी संशोधकांसोबत बसून त्यातल्या किती प्रश्नांची उत्तरे आता कोडच्या एका आज्ञेने मिळतात ते पाहावे. जी मिळत नाहीत तिथे पुढचे काम असते. जी मिळतात, त्यांच्यापुढे उत्तर कोणत्या तारखेला, कोणत्या डेटाच्या आणि कोडच्या कोणत्या आवृत्तीने काढले हे लिहून ठेवावे, कारण निबंधाच्या परीक्षकाचा प्रश्न साधारणतः आठ-दहा महिन्यांनी येतो आणि तोवर ते काम करणारी व्यक्ती अनेकदा दुसऱ्या गटात गेलेली असते.